यादीत नसलेला शब्द मला ऐकू कसा आला?

भाचीने प्रॅक्टिकलसाठी शब्द वाचले: उशी, गादी, पांघरूण, जांभई, घोरणं, स्वप्न, डुलकी. मी नंतर आठवून लिहिताना ‘झोप’ही लिहिला. यादीत नव्हताच म्हणे! तिच्या आवाजात ऐकलाय हो, शपथेवर सांगतो. बावन्नाव्या वर्षीच विसरभोळा झालो?

— वय नाही, काका. डीस या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये हे दाखवलं. रोडिगर-मॅकडरमॉट यांच्या १९९५ च्या दुसऱ्या प्रयोगात कॉलेजच्या पोरांनीही असा न ऐकलेला शब्द ५५ टक्के वेळा लिहिला. सगळे शब्द मिळून ‘झोप’ला जागं करतात (कोटी नाही!), मग ऐकला की सुचला हे उमगत नाही.

— आधी सावध केलं तरी माणूस फसतो, जरा कमी इतकंच.

— आज बायकोला बसवलं. तिने ‘झोप’ लिहिला, वर ‘चादर’. माझी सरशी!