बी-३०४ च्या पार्किंगमधला शार्क

(रहिवासी ग्रुप, शनिवार रात्र)

कुलकर्णी, बी-३०४ (८:१२): सर्वांना नमस्कार. आज संध्याकाळी माझ्या पार्किंगमध्ये चौदा फुटी शार्क आढळला. गाडी गेटबाहेर लावून आलो आहे. शार्क कधी हलणार, एवढंच कळवावं. 🙏

शेवडे, सेक्रेटरी: काका, गणपतीचा देखावा आहे. मीटिंगमध्ये ठरलं होतं.

कुलकर्णी: कोणत्या? मी होतो मीटिंगला.

भोसले: लिफ्टच्या विषयावर तुम्ही उठून गेलात, त्यानंतर ठरलं.

कुलकर्णी: लिफ्टच्या विषयाला उत्तर मिळालं नाही म्हणून उठलो. ते अजूनही मिळालेलं नाही. असो. शार्क कधी हलणार?

नंदिनी, ए-२०३: विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. ओवीने खाली तो जबडा पाहिला आणि आता बाथरूमला एकटी जात नाहीये. बाप्पाशेजारी हे आ वासलेलं कशाला? मागच्या वर्षीची वारी किती प्रसन्न होती.

अनिकेत: ताई, थीम ‘शार्क वाचवा’ आहे. पोरांनीच निवडलीय.

भोसले: वाचवा की शार्कपासून वाचवा? दात बघून दुसरंच वाटतंय 😄

ईशा, ए-६०१: आठ दिवस हेच सांगतेय मी! जगभरात शार्कच्या हल्ल्यात वर्षाला सरासरी पाच-सहा माणसं जातात. आणि माणूस वर्षाला मारतो ते शार्क १० कोटींच्या घरात, असा अंदाज आहे. ज्याला वाचवा म्हणतोय त्यालाच आपण राक्षस करून उभा केलाय. १९७५ च्या ‘जॉज’ या हॉलिवूडपटाने हेच केलं. ज्याच्या कादंबरीवरून तो निघाला, तो लेखक पुढे स्वतः शार्क वाचवायच्या कामात पडला.

अनिकेत: दात काढले तर बघायला कोण येणार? थर्माकोल बंद, पुठ्ठ्याचे एकशेबारा दात कापलेत पोरांनी. बोटं सोलवटलीत.

कुलकर्णी: दातांबद्दल माझी तक्रार नाही. पार्किंगबद्दल आहे.

जोशी सर: *[अनेकदा पुढे पाठवलेला संदेश]* शार्कला कधीच कॅन्सर होत नाही!! निसर्गाचा चमत्कार!! जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.

ईशा: सर, होतो. नोंदी आहेत. याच समजुतीवर शार्कच्या कूर्चेच्या गोळ्या खपल्या आणि त्या गोळ्यांसाठी शार्क मारले गेले.

जोशी सर: मी फक्त पुढे पाठवलं.

भोसले: टँकर येतोय हेही तुम्ही फक्त पुढेच पाठवलं होतं सर.

मोहिते, सी-४०१: सगळं मान्य, पण अगदी गरीब गाय म्हणू नका. २०२४ मध्ये पालघरमधल्या मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एकाचा पाय धरला होता.

ईशा: धरला होता. बुल शार्क, तो नदीतही शिरतो. तो शार्कही नंतर मेलेला सापडला. पण एक चावा सगळ्या चॅनेलवर दिसतो. मागच्या गेटवरच्या कुत्र्यांनी या वर्षी चार जणांना फोडलं, त्यावर कोणी पिक्चर काढला?

नंदिनी: कुत्र्यांना मी खायला घालते हे सगळ्यांना माहीत आहे. नाव घेऊन बोललं तरी चालेल.

मोहिते: आता नाव आलंच आहे, तर बिस्किटांचे पुडे तरी उचलत जा.

शेवडे: कुत्र्यांचा विषय इथे नको. दोघांनाही विनंती.

कुलकर्णी: मूळ विषय: माझं पार्किंग.

पेडणेकर काकू, सी-१०२: मी गप्प बसले होते, पण आता राहवत नाही. तुम्ही शार्क शार्क करताय ती आमची मोरी. मालवणला आमच्याकडे मोरीचं मटण म्हणजे पाहुणा आल्यावरचा बेत. चामडी खरखरीत, पॉलिश पेपरसारखी. उकळतं पाणी ओतून सुरीने खरवडायची, नाहीतर दाताखाली वाळू. वास उग्र, म्हणून हळद-मीठ लावून दोनदा धुवायची. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुद्दाम द्यायचे. माझ्या आईने एका मोरीचे तुकडे आठ घरांत वाटलेले मला आठवतात. परवा गणेश पेठेत मासळीबाजारात गेले तर हातभर लांबीच्या मुशी, म्हणजे लहान मोरीच, कोथिंबिरीच्या जुडीसारख्या रचलेल्या. माझा भाऊ अजून होडी घेऊन जातो. मोठी कधी लागते विचारलं, तर हसतो नुसता.

ईशा: काकू, वास युरियाचा. त्यांच्या अंगातच मुरलेला असतो, मेल्यावर त्याचा अमोनिया होतो. आणि मोठी का लागत नाही, तर बांगडा लाखांनी अंडी घालतो, हिचं तसं नसतं. बऱ्याच मोठ्या जाती वयात यायलाच दहा-पंधरा वर्षं घेतात, पिल्लं मोजकी, गाभणकाळही माणसासारखा नऊ महिने, कधी वर्षभर. वयात यायच्या आत जाळ्यात गेली की संपलं. १९७० पासून खुल्या महासागरातले शार्क आणि पाकटं ७१ टक्क्यांनी घटली. आणि बाळंतिणीला मोरी नकोच. मोठ्या शार्कमध्ये पारा साठतो, अमेरिकेची अन्न-औषध यंत्रणा गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना टाळायला सांगते.

पेडणेकर काकू: चार पिढ्या वाढल्या त्यावर बाळा. आता तू सांगणार.

ईशा: सॉरी काकू. खाऊच नका असं नाही म्हटलं.

मोहिते: मुळात पकडायला बंदी नाहीये का?

ईशा: सगळ्यांना नाही. व्हेल शार्कला २००१ पासून वाघाइतकंच संरक्षण आहे. कल्ल्यांची, म्हणजे परांची निर्यात २०१५ मध्ये बंद झाली. गुजरातेत व्हेल शार्कची कत्तल व्हायची, तिथे २००४ मध्ये रामकथाकार मोरारी बापूंनी ‘व्हाली’ म्हणून हाक दिली, लाडकी लेक माहेरी येते तशी. मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून तिला सोडायला सुरुवात केली. दात दाखवून हे झालं नसतं.

भोसले: कल्ला वेगळा आणि पर वेगळा गं. काकू चिडतील.

पेडणेकर काकू: चिडलेच. पण जाळ्याचं खरं आहे. संरक्षित जनावर सोडलं आणि फोटो दिला, तर आपल्याकडेही वनखात्याचा कांदळवन कक्ष जाळ्याचे पैसे देतो, २५ हजारांपर्यंत.

अनिकेत: मग व्हेल शार्क करू? तोंड उघडंच राहील, दात नको, ओवी घाबरणार नाही. सांगाडा तोच.

कुलकर्णी: व्हेल शार्क किती लांब असतो?

ईशा: १२ मीटरचेही सापडलेत.

कुलकर्णी: नको.

पेडणेकर काकू: अरे, एवढं मोठं कशाला? बाजारात जी मरते ती दोन फुटांची आहे. तीच दाखवा ना. दहा-बारा मुशी करा कागदाच्या, दोरीला टांगा.

कुलकर्णी: पेडणेकर वहिनींचा मुद्दा अत्यंत शास्त्रशुद्ध आहे. दोन फुटी शार्क छताला टांगावेत असा ठराव मांडतो. शार्कविषयी समाजात असलेला गैरसमज दूर झालाच पाहिजे.

भोसले: अनुमोदन. काका अचानक समुद्रप्रेमी.

शेवडे: दहा अंगठे आले. ठराव मंजूर. उद्या सकाळी सांगाडा मोडू.

अनिकेत: मोडू नका! दात मी काढतो, बांबू राहू देत. त्यावर खरं मासेमारीचं जाळं पसरू, मुशी त्याच्या आत अडकलेल्या. काकू, भावाकडून जुनं जाळं मिळेल?

पेडणेकर काकू: मिळेल. धुऊन आणते हो, वासाची तक्रार नको.

नंदिनी: हे छान वाटतंय. ओवी मुशी रंगवायला येईल.

कुलकर्णी: जाळं कोणाच्या पार्किंगमध्ये?