भाव क्विंटलला 1 रुपया!
सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकूर-फाइल. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तिची ओळ स्प्लिटने (तुकडे पाडणाऱ्या आज्ञेने) स्वल्पविरामावर तोडली, आणि आकड्यातच स्वल्पविराम असला, की रकाने सरकतात. माझा अगदी हाच घोळ झाला होता. आमच्या नाशिककडची, लासलगावच्या कांदाभावाची फाइल. भाव लिहिलेला "1,850", अवतरणचिन्हांत. ती चिन्हं मी आधीच उडवून दिली (शहाणपणा!), मग स्प्लिट. कांदा थेट 1 रुपयावर, आणि 850 आवकेच्या रकान्यात.

पायथनचं सीएसव्ही मॉड्यूल अवतरणातल्या स्वल्पविरामाला हात लावत नाही. पण हाती मजकूरच येतो, म्हणून स्वल्पविराम काढून मगच इंट (पूर्णांक) करा. आणि पहिल्या रकान्याचं नाव दिसूनही सापडत नसेल, तर बहुधा एक्सेलने फाइलच्या सुरुवातीला बीओएम ही न दिसणारी खूण चिकटवलीय. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं वाचायची पद्धत) 'utf-8-sig' द्या, जाते.