संबंधित प्रकल्प एका प्रोग्रॅमखाली आणावेत का?

कवडसा
आमच्याकडे चार प्रकल्प एकाच वेळी चालू आहेत: नवी बिलिंग प्रणाली, ग्राहकांच्या जुन्या नोंदींची साफसफाई, मोबाइल अ‍ॅप आणि ग्राहक-सेवेतल्या लोकांचं प्रशिक्षण. चारही मॅनेजर वेगळे, स्पॉन्सर (प्रकल्पाला पैसा आणि पाठबळ देणारे वरिष्ठ) वेगळे. आता प्रस्ताव आलाय की सगळ्यांचा मिळून एक प्रोग्रॅम, म्हणजे एकत्र चालवायचा प्रकल्पांचा गट, करायचा आणि वर एक प्रोग्रॅम मॅनेजर नेमायचा.

माझं मत: करावा. नाहीतर प्रत्येक प्रकल्प आपापल्या तारखेला संपेल, स्टेटस रिपोर्टमध्ये हिरवा दिसेल, आणि तरीही ग्राहकाला चुकीचं बिल जाईल. नोंदी पुरत्या साफ झालेल्या नसताना बिलिंग सुरू करायचं की थांबायचं, हे ठरवणं आज कुणाच्याच अखत्यारीत नाही. सुट्या प्रकल्पांतून हाती न लागणारा लाभ मिळवण्यासाठी ते एकत्र चालवणं, हाच पीएमआय या प्रकल्प-व्यवस्थापनाच्या संस्थेच्या मानकातल्या प्रोग्रॅमच्या व्याख्येचा गाभा आहे. आमचा तो लाभ म्हणजे बिनचूक बिल.

ठाम
असहमत. तुमच्याकडे एक निर्णय बेवारस आहे. त्यासाठी अख्खा नवा थर कशाला? दोन मॅनेजर आणि त्यांचे स्पॉन्सर एका खोलीत बसले तर तो सुटेल. प्रोग्रॅम झाला की आज जे एका फोनवर ठरतं ते स्टिअरिंग कमिटीच्या, म्हणजे वरिष्ठांच्या देखरेख समितीच्या, पुढच्या बैठकीपर्यंत लटकतं.

आणि एकत्र बांधलं की अपयशही एकत्र येतं. इंग्लंडच्या आरोग्यसेवेचा आयटी प्रोग्रॅम आठवा. 2002 मध्ये सुरू झाला, रुग्णांच्या नोंदींपासून एक्स-रेच्या प्रतिमांपर्यंत सगळं एका छत्राखाली. खरेदी केंद्रीय पातळीवरून, रुग्णालयांना निवडीला फारसा वाव नाही. 2011 मध्ये सरकारने तो मोडीत काढत असल्याचं जाहीर केलं. त्यातला एक्स-रेच्या डिजिटल प्रतिमांचा भाग यशस्वी झाला होता, पण लोकांच्या लक्षात राहिला तो बुडालेला प्रोग्रॅम.

पाणवठा
ठाम, ते उदाहरण अति केंद्रीकरणाचं आहे. उलट बाजू पाहा: 1968 मध्ये अपोलोचं चांद्रयान, म्हणजे चंद्रावर उतरणारा भाग, वेळेत तयार होत नव्हता. सुट्या प्रकल्पांच्या नजरेने पाहिलं तर पुढचे सगळे थांबून राहिले असते. पण अंतराळयान-प्रोग्रॅमचे प्रमुख जॉर्ज लो यांनी उड्डाणांचा क्रमच बदलायचं सुचवलं. डिसेंबर 1968 मध्ये अपोलो 8 चांद्रयानाशिवाय चंद्राभोवती फिरून आलं. चांद्रयानाची माणसांसह पहिली चाचणी मार्च 1969 मध्ये अपोलो 9 वर झाली. चांद्रयान बनवणाऱ्या कंपनीला हा निर्णय घेताच आला नसता, रॉकेटवाल्यांनाही नाही. एका प्रकल्पाचा उशीर दुसऱ्याच्या कामात असा वळवून घेणं हेच प्रोग्रॅमचं काम.

ठाम
अपोलोपुढे एकच ध्येय होतं आणि दशक संपायच्या आतली मुदत. कवडसा यांचं अ‍ॅप त्या ध्येयात कुठे बसतं?

पायवाट
हा प्रश्न नेमका आहे. 'एकाच विषयाचे आहेत' किंवा 'तेच प्रोग्रॅमर दोन्हीकडे लागतात' म्हणून प्रोग्रॅम करू नये. माणसांची ओढाताण हा पोर्टफोलिओचा, म्हणजे संस्थेच्या सगळ्या प्रकल्पांच्या एकत्रित नियोजनाचा, प्रश्न. तिथे कुणाला आधी द्यायचं एवढंच ठरवायचं असतं.

मी असं करते: मागच्या तीन महिन्यांत दोन प्रकल्पांच्या मध्ये अडकलेले निर्णय कागदावर काढते. सगळे एकाच जोडीत अडकलेले दिसले तर त्या दोघांचा सरळ एक प्रकल्प करावा. तीन-चार प्रकल्पांत पसरलेले असतील, आणि एकाची तारीख हलली की बाकीच्यांना आपला क्रम बदलावा लागत असेल, तरच प्रोग्रॅम.

शिवाय प्रकल्प काम सोपवून बंद होतो. बिलं बिनचूक जातात की नाही हे त्यानंतर काही महिन्यांनी कळतं. तेव्हा जबाबदार कोण? माझ्या मते प्रोग्रॅमच्या बाजूने सगळ्यात जड मुद्दा हाच.

कवडसा
पायवाट, पटलं. अ‍ॅप बाहेर काढायला माझी हरकत नाही, त्याला जुनी बिलिंग प्रणालीही चालते. पण उरलेले तीन खरंच गुंतलेत. नोंदींना उशीर झाला की बिलिंग पुढे ढकलावं लागतं, आणि प्रशिक्षण आधीच उरकलेलं असेल तर नवी प्रणाली येईपर्यंत लोक शिकलेलं विसरतात. ठाम म्हणतात तशा बैठका चालू आहेत. चर्चा होते, निर्णय होत नाही, कारण दुसऱ्याची तारीख हलवायचा हक्क कुणालाच नाही.

ठाम
मग तिघांपुरता माझा विरोध सौम्य करतो, पण एका अटीवर. प्रोग्रॅम मॅनेजरला तारखा हलवायचा आणि एका प्रकल्पाचा पैसा दुसऱ्याकडे वळवायचा अधिकार लेखी हवा. तो नसेल तर मॅनेजर फक्त तिघांचे रिपोर्ट जोडून वर पाठवत बसेल. तिन्ही स्पॉन्सर आपल्या बजेटवरचा ताबा सोडायला तयार आहेत?

कवडसा
दोघं तयार आहेत. नोंदींच्या स्पॉन्सरला अजून विचारलेलं नाही.

ठाम
नेमणुकीआधी त्यांना विचारा. तुमची सगळी साखळी त्यांच्याच प्रकल्पापासून सुरू होते.