लीड्सला मास्टर्ससाठी जातोय: उतरल्यानंतरची कामं कोणत्या क्रमाने करावीत?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधल्या लीड्सला एक वर्षाच्या मास्टर्ससाठी निघायचं आहे. व्हिसा मंजूर झाल्याची मेल आली आहे. जुन्या लेखांत ‘पोस्टातून बीआरपी कार्ड (राहण्याच्या परवान्याचं ओळखपत्र) घ्या’, ‘पोलिसांकडे नोंदणी करा’ असं वाचायला मिळतं, पण युनिव्हर्सिटीच्या मेलमध्ये त्यातलं काहीच नाही. नेमकं काय करावं लागतं? बँक, डॉक्टर, सिम यांत आधी काय? सुरुवातीचे तीन महिने स्टुडंट हॉलमध्ये (विद्यार्थी वसतिगृहात) राहून मग दोघा-तिघांत घर घ्यायचा विचार आहे. आणि आई तूप, पेढे आणि कुकर द्यायचं म्हणतेय. चालेल का?

दख्खनची_राणी:
ते लेख बाजूला ठेवा. पोलीस नोंदणी ऑगस्ट २०२२ मध्ये बंद झाली आणि बीआरपी कार्डं २०२४ च्या अखेरीस संपली. आता सगळं ई-व्हिसावर चालतं. म्हणजे तुमचा परवाना यूकेव्हीआयच्या (ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या) ऑनलाइन खात्यात असतो.

ते खातं भारतात असतानाच उघडून बघा. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, व्हिसा सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, सगळं ताडून पाहा. चूक दिसली तर निघायच्या आधीच कळवा. चेक-इनला विमान कंपनी पासपोर्ट क्रमांकावरूनच परवाना तपासते, तो जुळला नाही तर तुम्ही मुंबईतच अडकता. खात्याला जोडलेला ईमेल आणि फोन नंबर तिकडे गेल्यावरही चालू राहायला हवा, कारण लॉग-इनचा कोड त्यावरच येतो. भारतीय सिमवर इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून ठेवा, नुसते एसएमएस आले तरी पुरे. बँकेचे ओटीपीही त्याच नंबरवर येणार आहेत.

व्हिसा सुरू होण्याच्या तारखेआधी इंग्लंडमध्ये पाऊल ठेवता येत नाही, एक दिवस आधीही नाही. भारतीय पासपोर्टला ई-गेट (पासपोर्ट तपासणारं स्वयंचलित दार) चालत नाही, अधिकाऱ्याच्या काउंटरवरच जावं लागतं. कॅसचं पत्र (युनिव्हर्सिटीने व्हिसासाठी दिलेलं प्रवेशाचं पत्र), राहण्याच्या जागेचा करार आणि टीबी चाचणीचं प्रमाणपत्र हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन केलेली बॅग काउंटरच्या पलीकडे मिळते, तेव्हा त्यात ठेवलेला कागद ऐनवेळी उपयोगाचा नाही.

हीथ्रोला उतरणार असाल तर पिकॅडिली लाइन थेट किंग्ज क्रॉसला जाते आणि तिथून लीड्सची गाडी मिळते. या गाडीचं ॲडव्हान्स तिकीट स्वस्त असतं, पण ते त्याच गाडीपुरतं. सप्टेंबरात इमिग्रेशनच्या रांगा लांबतात. गाडी चुकली तर ते तिकीट वाया जातं, म्हणून मध्ये भरपूर वेळ ठेवा किंवा ऑफ-पीक (गर्दीच्या वेळा सोडून इतर गाड्यांना चालणारं) तिकीट घ्या. मँचेस्टरला उतरणं जमत असेल तर तेच करा, विमानतळावरूनच लीड्सची थेट रेल्वे आहे.

पोचल्यावर पहिलं काम युनिव्हर्सिटीत एन्रोलमेंट, म्हणजे प्रत्यक्ष नोंदणी. शेवटच्या तारखेपर्यंत ते झालं नाही तर युनिव्हर्सिटीला होम ऑफिसला (ब्रिटनच्या गृहखात्याला) कळवावंच लागतं आणि व्हिसा रद्द होऊ शकतो. विमान उशिरा येणार असेल तर आधीच मेल करून लेखी परवानगी घ्या. एन्रोलमेंट झालं की त्याच दिवशी दोन पत्रं मागा: बँकेसाठीचं, ज्यावर तुमचा इंग्लंडमधला पत्ता असेल, आणि विद्यार्थी असल्याचा दाखला. पुढची बरीच कामं या दोन कागदांवर होतात.

बँकेची अडचण बहुतेकदा पत्त्याची असते. पत्रावर हॉलच्या खोलीचा क्रमांक आणि पोस्टकोड करारात आहे तसाच हवा, नाहीतर अर्ज परत येतो. मोंझो, स्टार्लिंगसारखी ॲपवरची खाती लवकर उघडतात. मोठ्या बँकांना सप्टेंबर-ऑक्टोबरात वेळ लागतो. तोवर फॉरेक्स कार्डावर भागवा. पूर्ण वर्षाचा खर्च एकदम पौंडांत करून आणू नका, पहिल्या दीड महिन्याचा पुरे.

डॉक्टरची नोंदणी आजारी पडायची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात करा. व्हिसाच्या अर्जासोबतचा हेल्थ सरचार्ज तुम्ही भरलेलाच आहे (विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड), त्यामुळे जीपीकडे (तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे) नोंदणी आणि तपासणी फुकट आहे. एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) नियमाप्रमाणे नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही. रिसेप्शनवर अडवलं तर शांतपणे तेवढं सांगा. औषधाला मात्र इंग्लंडमध्ये प्रत्येक प्रिस्क्रिप्शनमागे पैसे पडतात, आणि दात व डोळ्यांचा खर्च वेगळा. चष्म्याची दुसरी जोडी आणि दातांची कामं इकडेच उरकून जा. वय २५ च्या आत असेल तर मेनिंजायटिसची मेनएसीडब्ल्यूवाय लस फुकट मिळते, जीपीकडे मागून घ्या. रात्री-अपरात्री तब्येतीचा प्रश्न पडला तर १११, जिवावर बेतलं असेल तर ९९९.

फोडणीचं_गणित:
खाण्याचं सांगते. तूप आणि पेढे नेऊ नकोस. युरोपबाहेरच्या देशांतून दूध आणि मांस यांपासून बनलेले पदार्थ इंग्लंडमध्ये आणायला बंदी आहे. पेढे, बर्फी, पनीर, दूध पावडर सगळं त्यात आलं. कस्टम्सने बॅग उघडली तर ते जप्त होतं. ताजी फळं, भाज्या आणि कढीपत्ताही घरीच ठेव. गोडा मसाला, काळा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ, तेलातलं लोणचं हे नेता येतं. लोणच्याचं झाकण टेपने बंद करून दोन पिशव्यांत घाल. तूरडाळ-तांदळाने बॅगेचं वजन वाढवू नकोस. लीड्समध्ये देशी दुकानं आहेत, तूपही तिथे मिळतं.

कुकरचं आईला आधी विचार: तळाला लोहचुंबक चिकटतो का? हॉलमधल्या स्वयंपाकघरात बऱ्याचदा इंडक्शन किंवा सिरॅमिक शेगडी असते. ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. इंडक्शन-बेस असलेला तीन लिटरचा स्टीलचा कुकर दोन्हींवर चालतो. सोबत एक जादा शिटी, गास्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ठेव, आपल्या ब्रँडचे सुटे भाग तिकडे शोधत बसावं लागतं. मिक्सर नेण्याआधी हॉलचे नियम वाच. कित्येक ठिकाणी खोलीत राइस कुकर, हीटर, मेणबत्ती ठेवायलाही मनाई असते. दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट, पण प्लग तीन चपट्या पिनांचा आणि आत फ्यूज असलेला. दोन-तीन अडॅप्टर ने. मोठ्या वॅटची वस्तू स्वस्तातल्या ट्रॅव्हल अडॅप्टरवर लावू नकोस, तो तापून वितळतो.

आणि फोडणी! स्वयंपाकघरात सहसा उष्णता ओळखणारा अलार्म असतो, कॉरिडॉरमध्ये धूर ओळखणारा. मोहरी-मिरचीचा धूर झाला की माणूस सवयीने दार उघडतो, धूर कॉरिडॉरमध्ये जातो आणि अख्खी इमारत रात्री खाली उभी राहते. दार बंदच ठेव, खिडकी उघड, एक्झॉस्ट फोडणीच्या आधी लाव. डिटेक्टरवर पिशवी किंवा मोजा चढवणं हा गंभीर गुन्हा धरला जातो, त्याचा दंड होतो.

नॉर्थचा_पाऊस:
वरच्या दोघांनी छान सांगितलंय. मी फक्त घराबद्दल लिहितो, कारण तुझ्या बेतात एक मोठी अडचण आहे.

‘तीन महिने हॉल, मग घर’ हे सहसा जमत नाही. हॉलचा करार बहुधा ४४ ते ५१ आठवड्यांचा असतो. मध्येच सोडलास तरी भाडं चालू राहतं, तुझ्या जागी दुसरा विद्यार्थी मिळेपर्यंत. त्यामुळे सही करायच्या आधी दोनच गोष्टी बघ: करार किती आठवड्यांचा आणि त्यातून बाहेर पडायची अट काय. खरंच तीन महिनेच हवे असतील तर तसा कमी मुदतीचा करार शोध.

खासगी घर घेतलंस तर इंग्लंडचे नियम भाडेकरूच्या बऱ्यापैकी बाजूने आहेत, पण ते माहीत असले तरच उपयोग. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, जागा अडवून ठेवायची रक्कम एका आठवड्यापेक्षा जास्त नाही. डिपॉझिट मिळाल्यापासून ३० दिवसांत घरमालकाने ते सरकारमान्य योजनेत ठेवून तुला त्याची माहिती द्यायलाच हवी. पूर्वी आपली मुलं इंग्लंडमधला गॅरंटर (भाडं बुडालं तर भरायची हमी देणारा) नसल्याने सहा-सहा महिन्यांचं भाडं एकदम भरायची. १ मे २०२६ पासून खासगी भाडेकरारात एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही. याची दुसरी बाजू अशी की गॅरंटरची मागणी आता जास्त होते. युनिव्हर्सिटी स्वतः गॅरंटर राहते का, ते आधीच विचारून घे.

तिघांनी एकत्र करार केला तर तो जॉइंट असतो. एकाने भाडं बुडवलं की मालक उरलेल्यांकडून पूर्ण वसूल करू शकतो. सोबतचे भाडेकरू पूर्णवेळ विद्यार्थी आहेत ना, हेही बघ. सगळे विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स (तिथल्या पालिकेचा घरावरचा कर) माफ होतो. एक जरी नोकरदार असला तर घरावर बिल येतं, फक्त २५ टक्के सूट मिळते. माफी आपोआप होत नाही, विद्यार्थी असल्याचा दाखला कौन्सिलला पाठवावा लागतो.

घराचा ताबा घेतल्याच दिवशी मीटरच्या आकड्यांचे, भिंतींच्या कोपऱ्यांचे, गादीचे, ओव्हनच्या आतल्या बाजूचे फोटो काढ आणि एजंटला मेल कर. सोडताना वाद होतो तो साफसफाई आणि बुरशीवरून. बुरशी येते कारण थंडीत खिडक्या बंद आणि ओले कपडे हीटरवर. रोज दहा मिनिटं खिडक्या उघड, अंघोळीनंतर पंखा चालू ठेव.

न बघितलेल्या घरासाठी भारतातून पैसे पाठवू नकोस. चावी कुरियरने पाठवतो म्हणणारा मालक शंभर टक्के खोटा. तसंच ‘होम ऑफिसमधून बोलतोय, व्हिसात चूक आहे, दंड भरा’ असा फोन आला तर ठेवून दे. होम ऑफिस फोनवर पैसे मागत नाही.

कृष्णाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. हॉलचा करार ५१ आठवड्यांचा निघाला, त्यामुळे घराचा बेत रद्द. एक राहिलं: व्हिसावर आठवड्याला पार्ट-टाइम कामाचे जे २० तास मिळतात, ते कसे मोजतात? आणि उन्हाळ्यात पूर्णवेळ करता येतं असं बरेच जण म्हणतात.

दख्खनची_राणी:
आठवडा सोमवार ते रविवार धरतात. एका आठवड्यात १० आणि पुढच्यात ३० असं सरासरीने चालत नाही. दोन ठिकाणी काम असेल तर तास एकत्र, बिनपगारी कामाचेही.

उन्हाळ्याबद्दल सावध राहा. पदवीच्या मुलांना उन्हाळी सुट्टी असते, तुम्हाला नसते. एक वर्षाच्या मास्टर्समध्ये जून ते सप्टेंबर प्रबंधाचा काळ असतो आणि तो टर्ममध्येच धरला जातो, म्हणजे तेव्हाही २० तासच. तुमच्या कोर्सच्या सुट्ट्यांच्या अधिकृत तारखा लेखी घेऊन ठेवा, काम देणारा मालकही त्या मागतोच.

स्वयंरोजगाराला पूर्ण बंदी आहे. सायकलवरून जेवण पोचवण्याची ॲपवरची कामं बहुतेक त्यातच मोडतात, आणि दुसऱ्याच्या खात्यावर ती करणं तर थेट व्हिसावर येतं. नॅशनल इन्शुरन्स नंबर (पगारातल्या कपातीची नोंद ठेवणारा क्रमांक) गव्ह डॉट यूके या सरकारी साइटवर फुकट मिळतो. तो यायच्या आधीही काम सुरू करता येतं, त्यासाठी कुणा एजंटला पैसे देऊ नका. मालकाला काम करण्याचा हक्क दाखवताना यूकेव्हीआयच्या खात्यातून कामासाठीचा शेअर कोड काढा. तो डब्ल्यूने सुरू होतो आणि ९० दिवस चालतो. भाड्यासाठीचा आरवाला कोड दिला तर तो परत पाठवतील.