बुजलेल्या डोंगरवाटेवर दिशा कशी राखावी?

प्रश्न: अनेक वर्षे देखभाल न झालेल्या एका डोंगरमार्गाने जाण्याचा विचार आहे. नकाशावर वाट दिसत असली, तरी मधला बराचसा भाग झुडपांखाली बुजलेला आहे. मोबाइलवर सर्वस्वी विसंबून न राहता दिशा कशी राखावी?

उत्तर १: वाटेच्या खुणा शोधत बसण्यापेक्षा भूरूप वाचावे. नकाशावरील समोच्च रेषांची (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांची) टोके चढाकडे वळलेली असतील तर ती घळ, उताराकडे वळलेली असतील तर सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत जाणारी धार. होकायंत्र वापरण्यापूर्वी चुंबकीय उत्तर (होकायंत्राची सुई दाखवते ती) आणि नकाशावरील उत्तर दिशा यांतील फरक जुळवून घ्यावा. ५ अंशांची चूक राहिली, तरी १ किलोमीटरवर आपण सुमारे ८७ मीटर बाजूला जातो, आणि दाट झाडीत तेवढ्याने खिंड हुकते. ओढ्यावरील एखादे ठिकाण गाठायचे असेल, तर नेम मुद्दाम त्याच्या डावीकडे धरावा, म्हणजे ओढा लागताच उजवीकडे वळायचे हे निश्चित असते.

उत्तर २: वेळेचाही हिशेब हवा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांच्या १८९२ च्या नियमानुसार साधारण ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास लागतो. झुडपांतून जाताना याच्या दुप्पट वेळ धरला, तरी मला तो कमीच वाटतो.

उत्तर ३: खरी फसगत उतरताना होते, कारण सोंड खाली फाटत जाते, प्रत्येक फाट्यावर दिशा तपासावी. घळीतून उतरण्याचा मोह टाळावा, खालचा कडा वरून दिसत नाही.