१९७४ ची बुलेट : पुढचे शॉकअप बदलू की आहेत तेच सुधारू? मदत हवी आहे

घाटवेडा (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

१९७४ सालची बुलेट ३५०. कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायात गिअर, ६ व्होल्ट, पुढे सहा इंची ड्रम. आधी वडिलांची, आता माझ्या नावावर. इंजिन बांधून झालंय, त्याबद्दल तक्रार नाही. दुखणं सगळं पुढच्या बाजूला आहे.

करूळ घाट उतरताना ब्रेक दाबला की नाक खाली जातं ते थेट तळाला आपटूनच थांबतं. वर येताना आतून टक्कन आवाज. साठच्या आसपास थ्रॉटल सोडला की हँडल वळवळायला लागतं. डावा शॉकअप कायम ओला. नवीन सील टाकलं तरी महिनाभरात बॉटमवर (पाइपवर सरकणारं खालचं नळकांडं) तेलाचा ओघळ दिसतोच. टायर नवीन आहे (३.२५-१९), स्पोक आवळून घेतलेत, हवा बरोबर असते.

एका मेकॅनिकचं म्हणणं, थंडरबर्डचा (त्याच कंपनीची नंतरची गाडी) ४१ मिमीचा जाड सेट डिस्कसकट बसव आणि मोकळा हो. दुसरा म्हणतो जाड तेल घाल, स्प्रिंगवर वायसर (चकती) टाक, बास. पहिल्याचं ऐकलं तर हेडलाइटचं केसिंग जाणार, टायगर लॅम्प (केसिंगवरचे दोन छोटे दिवे) जाणार. मग ती बुलेट राहिली कुठे? दुसऱ्याचं ऐकायचं तर तो तात्पुरता उपाय वाटतो.

माझं वजन ८५, मागे बहुतेक वेळा बायको. रेस लावायची नाही, घाटात भरवसा वाटला पाहिजे एवढंच. जुन्याच सेटमध्ये स्प्रिंग, बुश, तेल बदलून खरोखर फरक पडतो का? कुणी केलं असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

लेथशेजारी

दादा, सेट बदलायचा विचार आत्ता बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलेली लक्षणं एका आजाराची नाहीत.

वळवळ आधी बघू. गाडी डबल स्टँडवर, इंजिनखाली ओंडका, पुढचं चाक अधांतरी. दोन्ही बॉटम धरून पुढे-मागे हलवा आणि दुसऱ्या माणसाला फ्रेमची मान आणि खालची टी (दोन्ही पाइप धरणारा आडवा तुकडा) यांच्यामधल्या फटीवर बोट ठेवायला सांगा. बोटाला खेळ जाणवला तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग). तिथे काही नाही आणि बॉटम मात्र पाइपवर हलतायत, तर बुश (पाइप आणि बॉटममधल्या कड्या) गेले. मग हँडल हळूच डावी-उजवीकडे फिरवा. सरळ आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडलं तर कोनसेटच्या वाट्यांना खड्डे पडलेत. या गाड्यांत सुट्या गोळ्या असतात. त्या जागी टेपर रोलर बेअरिंग बसतं आणि माझ्या मते जुन्या बुलेटवर यासारखा दुसरा खर्च वसूल होत नाही.

सील टिकत नाही याचं कारण सीलमध्ये शोधू नका. पाइप पुसून सील जिथे वर-खाली घासतं त्या पट्ट्यावर नख फिरवा. गंजाचे बारीक खड्डे नखाला लागतात, डोळ्याला दिसत नाहीत. ते सीलची कड कापतात. पाइप सरळ असेल तर हार्ड क्रोम करून ग्राइंड करता येतो. वाकडा असेल तर नवीनच घ्या. जाड काचेवर ठेवून फिरवला की वाक लगेच कळतो, खालून उजेड येतो-जातो.

आणि एक. या मॉडेलला पाइपचं वरचं टोक केसिंगमध्ये आट्यांनी बसतं. केसिंग अॅल्युमिनियमचं, त्यामुळे पाइप काढताना पान्याला नळी लावून जोर करू नका. आधी खालच्या टीचे बोल्ट पूर्ण ढिले करा. आटे गेले तर पाइपच्या दहापट डोकेदुखी होईल.

ओरिजिनल_बिरिजिनल (पुणे)

थोडं वेगळं मत. मी थंडरबर्ड नाही, पण डिस्कवाल्या बुलेट इलेक्ट्राचा ३५ मिमीचा सेट बसवला. तिलाही केसिंग असतं, त्यामुळे टायगर लॅम्प शाबूत राहिले. सहा इंची ड्रमनंतर डिस्क म्हणजे स्वर्ग, याबद्दल वाद नको. पण तो सेट तसाच उचलून बसत नाही. टीचा दांडा, बेअरिंगची बैठक, चाकाची मध्यरेषा सगळं मापावं लागतं. लांबी कमी भरली तर नाक खाली येतं, ट्रेल (हँडलच्या अक्षाची रेषा जमिनीला मिळते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) कमी होतो आणि गाडी सरळ रस्त्यावरही चुळबुळते. म्हणजे वळवळ घालवायला सेट बदलायचा आणि वळवळ विकत घ्यायची.

पासिंगची_रांग

कागदाचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालणार नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. नोंदणीच्या नूतनीकरणाला गेल्यावर आरटीओच्या साहेबांनी ४१ मिमीच्या पाइपवर बोट ठेवलं तर काय उत्तर देणार?

तुमची गाडी पन्नाशी ओलांडलेली, म्हणजे २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीला पात्र होऊ शकते. नंबरात ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण मग रोजच्या वापराला बंदी. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढता येते. बायकोला घेऊन घाटात जायचं असेल तर त्या भानगडीत पडू नका.

घाटवेडा

सगळ्यांचे आभार. लेथशेजारी, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. हँडल मधोमध खाचेत बसतंय. डावा पाइप काचेवर लंगडत फिरतो, उजव्याला सीलच्या पट्ट्यात खड्डे आहेत. पाइपची जोडी, पितळी बुश आणि टेपर बेअरिंग मागवतोय. थंडरबर्ड रद्द.

तेल आणि स्प्रिंगचं काय करू? जुन्या स्प्रिंगा नव्यापेक्षा बोटभर आखूड भरल्या.

लेथशेजारी

मग स्प्रिंगा दबून आखूड झाल्यात, नवीन जोडीच घ्या. वायसर नंतर. तेल २० ग्रेडचं फोर्क ऑइल, एका पायात साधारण २०० मिली, दोन्हीकडे मापून सारखं. इंजिन ऑइल ओतू नका. जास्त जाड तेलाने डुबकी कमी होते, पण बारीक खड्डा थेट मनगटात येतो.

बसवून झालं की टेपने मापा : चाक अधांतरी असताना अॅक्सलपासून केसिंगच्या खालच्या कडेपर्यंत, मग तुम्ही दोघं बसून तेच माप. फरक एकूण चालीच्या (शॉकअप जेवढा वर-खाली सरकतो तेवढं अंतर) पाव ते एक तृतीयांश आला तर बरोबर. जास्त आला तरच स्प्रिंगवर वायसर, तोही पाच-पाच मिमीने वाढवत. अॅक्सलच्या टोप्या आवळण्याआधी पुढचा ब्रेक धरून गाडी चार-पाच वेळा दाबा, म्हणजे दोन्ही पाय एका रेषेत बसतात. आमच्याकडचे निम्मे लोक हेच विसरतात आणि मग नवीन सेट जाम चालतो म्हणून परत येतात.