फ्रान्सिस मॅरियनला विसरू नका

असं म्हटलं जातं की हॉलिवूडमध्ये मोठ्या स्टुडिओंच्या जमान्यात पटकथालेखक म्हणजे पगारी कारकून. बऱ्याच अंशी खरं, पण पटकथालेखिका फ्रान्सिस मॅरियन या बाईंचं काय? तारका मेरी पिकफर्डच्या मूकपटांपासून लिहीत आलेल्या. 'द बिग हाउस' हा तुरुंगावरचा चित्रपट लिहिण्याआधी त्या थेट कॅलिफोर्नियातला सॅन क्वेंटिनचा तुरुंग पाहून आल्या. त्यावर ऑस्कर, मग 'द चॅम्प'साठी दुसरं! पडत्या काळात असलेल्या अभिनेत्री मारी ड्रेसलरला 'मिन अँड बिल' चित्रपटातल्यासारखी भूमिका लिहून दिली, ड्रेसलरलाही ऑस्कर. (अशी मैत्रीण हवी!) १९३६ मध्ये बाईंचे साहेब, एमजीएम स्टुडिओचे बडे निर्माते थालबर्ग वारले आणि बाईंचा शब्दही हळूहळू चालेनासा झाला. १९४६ मध्ये त्यांनी स्टुडिओ सोडला. म्हणजे कारकून नव्हे, पण डोक्यावरच्या साहेबावर सगळं अवलंबून, एवढं मान्य.